तिरुभुवनम् : जानेवारीतली पानं

३ जानेवारी २०२५, शुक्रवार
सकाळी नवी ब्रँच काढायला गेले. नाव 'जरी/घट'. कोडचे बदल सांभाळणाऱ्या गिटने नकार दिला. 'जरी' नावाची ब्रँच आधीच आहे. गिटच्या लेखी ब्रँच म्हणजे ४१ बाइटची फाइल: एका कमिटचा ४० अक्षरी हॅश आणि ओळ संपल्याची खूण. त्या नावाची फाइल असताना त्याच नावाचं फोल्डर होत नाही.
ही जुनी 'जरी' कुणाची? शेवटची कमिट ऑक्टोबर २०२२.
सगळी यादी काढली. चारशेच्या वर ब्रँचेस. चालू कामाच्या मोजक्याच.

४ जानेवारी, शनिवार
विणकरांच्या सोसायटीत दिवसभर वजनकाट्यापाशी बसले. विणकर येतो, रेशमाच्या लडी आणि जरीची रिळं वजन करून घेतो. साडी विणून आली की पुन्हा काटा. दोन वजनांतली तफावत म्हणजे घट. ठरल्यापेक्षा घट जास्त, की मजुरीचा हिशेब अडतो. हे सगळं आमच्या सॉफ्टवेअरमध्ये.
साडीची घडी वेगळी घालतात इथे. पंख्यासारखी, चुण्या पाडत. 'विसिरी मडिप्पु'. २०१९ साली इथल्या साडीला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानाच्या काचेवर त्याचं स्टिकर आहे.

५ जानेवारी, रविवार
संध्याकाळी साडेचार ते सहा राहुकाळ. कंपहरेश्वराच्या देवळात शरभेश्वरापुढे उभं राहायला जागा नाही. तिसऱ्या कुलोत्तुंगाचं देऊळ. गर्दीतही चौथऱ्याचा दगड गार होता.

६ जानेवारी, सोमवार
पुण्याच्या टीमशी मीटिंग. सरांचं म्हणणं: पोंगलच्या आधी झाडून टाक सगळं. ९० दिवस हात न लागलेली ब्रँच उडवायची. रोज रात्री, आपोआप. परत कुणी आठवण करायला नको.
करायला तर हवंच. नवीन मुलं त्या यादीत हरवतात. परवा एकाने दोन वर्षांपूर्वीच्या ब्रँचवरून काम सुरू केलं.
९० हा आकडा मात्र मनात खुपतोय.

७ जानेवारी, मंगळवार
'मेनमध्ये, म्हणजे मुख्य ब्रँचमध्ये, मर्ज झालेल्या दाखव' म्हटलं. गिटने जेमतेम वीस नावं दिली. उरलेल्यांतल्या निम्म्याअधिक मर्ज झाल्याचं मला स्वतःला आठवतंय.
कारण स्क्वॉश. ब्रँचमधल्या दहा कमिट एकत्र दाबून मेनवर एकच नवी कमिट टाकतो आम्ही. तिचा हॅश नवा. गिट वंशावळ बघतं. वंशावळीत ब्रँचचं टोक सापडत नाही.
उपाय सापडला. ब्रँच जिथून फुटली तिथपासूनचा सगळा फरक एका तात्पुरत्या कमिटमध्ये बांधायचा आणि 'गिट चेरी'ला विचारायचं, हाच फरक मेनमध्ये आहे का? ते हॅश बघत नाही, बदललेल्या ओळी बघतं. वजाचं चिन्ह आलं तर आहे. अधिकचं आलं तर नाही.
रात्री अकरापर्यंत वजा, वजा, वजा. मग 'जरी'. अधिक.

८ जानेवारी, बुधवार
पहाटे गल्लीत ताणा पसरला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेशमाचे धागे, मधे मधे काठ्या, दोन्ही बाजूंनी माणसं. तुटलेला धागा एक बाई नुसत्या बोटांनी शोधत होती. सापडला की जोडायचा आणि पुढे. बघताना माझा चहा निवला.
दुपारी तारखांचा घोळ. कमिटला दोन तारखा असतात: लिहिल्याची आणि नोंदल्याची. रीबेस केलं, म्हणजे कमिट नव्या पायावर पुन्हा रचल्या, की दुसरी बदलते. तीन वर्षांचं जुनं काम कालचं दिसतं, आणि मागच्या सहामाहीतलं खरं काम म्हातारं. वयावर कसा विश्वास ठेवायचा?

९ जानेवारी, गुरुवार
रात्रीचं काम पहिल्यांदा चालवलं. पुसायचं काही नाही, फक्त यादी छापायची. यादीत एकही ब्रँच मर्ज झालेली नाही! तासभर डोकं धरून बसले. सर्व्हरवरचं चेकआउट मुळात शेवटची एकच कमिट उतरवतं. मागचा इतिहासच नाही, तर फाटा कुठे फुटला हे कळणार कसं? खोली शून्य केली, म्हणजे सगळा इतिहास. मग आकडे जुळले.
वेळही तपासली. वेळापत्रक यूटीसीत. आपल्याला रात्री २ हवे तर २०:३० लिहायचं.

१० जानेवारी, शुक्रवार
यादी सगळ्यांना पाठवली. मर्ज झालेल्या वेगळ्या, न झालेल्या वेगळ्या. प्रत्येकीपुढे शेवटच्या कमिटवाल्याचं नाव. 'जरी'पुढे जिचं नाव आहे ती दोन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेली. तिलाही पाठवली, वैयक्तिक.

११ जानेवारी, शनिवार
तिचा फोन आला. भाजी चिरत होती बहुतेक, मागे कुकर.
"अगं, ती अजून आहे? मला वाटलं केव्हाच गेली असेल."
"कशासाठी होती?"
"ओलाव्यासाठी. रेशीम हवेतलं पाणी पितं. हाताला कोरडं लागतं, काट्यावर जड येतं. व्यापारात कच्च्या रेशमाचा ओलावा कोरड्या वजनाच्या शंभराला अकरा धरतात. पावसात लडी दिली आणि उन्हात साडी आली, तर न झालेली घट दिसते. विणकराच्या अंगावर येते. जरीवर चांदीची तार, तिला हवेचं काही नाही. म्हणून दोन्हींचं वजन वेगळं धरायला घेतलं होतं मी."
"मग मर्ज का नाही झाली?"
"हवेतली आर्द्रता कुणी, कशी मोजायची ते ठरलं नाही. मग माझी जायची वेळ झाली."
कमिटच्या संदेशात यातलं काहीच नाही. नुसतं 'वजन दुरुस्ती'.

१२ जानेवारी, रविवार
शेजारच्या आजोबांकडे गेले. घरात सौराष्ट्री बोलतात. माझ्या कानाला अर्धी लागते, अर्धी निसटते. नातू दुभाष्या झाला. पावसात सूत जड होतं का, विचारलं. आजोबांनी माग थांबवला नाही. ऐप्पसी-कार्तिगैत लडी घ्यायची तर दोन दिवस घरात टांगून मग काट्यावर घालावी, म्हणाले. पण कचेरीत तसं चालत नाही.
रात्री 'जरी'तला कोड पूर्ण वाचला. बारकाईने लिहिलाय. नव्वद दिवसांच्या नियमाने गेल्या वर्षांत तो कितीदा गेला असता.

१३ जानेवारी, सोमवार
भोगी. आमच्याकडे आज बाजरीची भाकरी, तीळ, भोगीची भाजी. इथे पहाटे दारापुढे शेकोटी. जुन्या चटया, झाडू, फाटकं-तुटकं सगळं त्यात. घरमालकीण पाटी, म्हणजे आजी, एकेक वस्तू हातात घेऊन सुनेला विचारत होत्या, मग टाकत होत्या. एक चटई सुनेने परत घेतली.
सरांचा मेसेज: आजच चालवून टाक की.
कळवलं, आज नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
पोंगल उतू गेला. मला दोनदा वाढला.

१६ जानेवारी, गुरुवार
सुट्टी. तंजावर. मोठ्या देवळात नैर्ऋत्येच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख. १८०३ सालचा, दुसऱ्या सरफोजींनी कोरवून घेतलेला, भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास. उभ्याने वाचत गेले, मान अवघडली. परतताना बसमध्ये सरस्वती महालातल्या मोडी कागदांबद्दल विचार. राजवाड्याचा रोजचा खर्च, कुणाला काय दिलं त्याच्या नोंदी. लिहिणाऱ्या कारकुनाला ते दुसऱ्या दिवशी बिनकामाचं वाटलं असेल. आज तिथली राहणी त्यावरूनच कळते.

१७ जानेवारी, शुक्रवार
सर्व्हरचं तपासलं. आपल्या लॅपटॉपवर पुसलेली ब्रँच रेफलॉगवरून, म्हणजे टोक कुठे कुठे होतं त्या नोंदीवरून, महिनाभर तरी परत आणता येते. सर्व्हरवरच्या रेपोत रेफलॉग मुळात बंद असतो. म्हणजे उरलीच तर ज्याने लिहिली त्याच्या लॅपटॉपवर. आणि माणूस नोकरी सोडताना लॅपटॉप जमा करून जातो.
सोडून गेलेल्यांचं काम सर्वांत जुनं दिसतं. तेच सर्वांत आधी जातं, आणि परतीची वाटही त्याचीच बंद.

१८ जानेवारी, शनिवार
नियम लिहिले:
मेन आणि रिलीजच्या ब्रँचेसना हात नाही.
रिव्ह्यू उघडा आहे तिला हात नाही.
सगळा फरक मेनमध्ये आहे, ती त्याच रात्री पुसायची. काही हरवत नाही.
फरक मेनमध्ये नाही, तिच्या मालकाला विचारायचं. मालक सोडून गेला असेल तरी. दोन आठवडे थांबायचं.
उत्तर नाही आलं तर टोकाला 'जुनं/'ने सुरू होणारा टॅग लावायचा, मग ब्रँच पुसायची. टॅग आहे तोवर त्या कमिट गिट फेकत नाही.
वयाचा उपयोग एकच: आधी कुणाला विचारायचं.

२० जानेवारी, सोमवार
सरांशी तासभर. "इतकं कशाला? कुणी विचारलंय त्या ब्रँचेसना?" मी काट्याची गोष्ट सांगितली, लडी टांगून ठेवण्याची. ते गप्प झाले. मग म्हणाले, "दोन आठवडे ठीक आहे. पण चौदाव्या दिवशी टाळाटाळ नको." कबूल.

२१ जानेवारी, मंगळवार
रात्री २ वाजता काम चाललं. सकाळी दोनशेच्या वर नावं गेलेली. यादी जवळपास निम्म्यावर आली आता. एका मुलाने लिहिलं, 'पहिल्यांदाच कळलं की आपण नक्की काय करतोय.' बरं वाटलं.

२३ जानेवारी, गुरुवार
'जरी'चं नाव बदलून 'जरी-ओलावा' केलं. मेनवर आणायला सुरुवात. स्क्वॉश करणार नाही, रीबेस करणार; कमिटवर लेखक म्हणून तिचंच नाव राहील. आर्द्रता मोजायचं सोसायटीने मान्य केलं: काट्याशेजारी भिंतीवर आर्द्रतामापक, वजनासोबत तो आकडाही भरायचा. आजोबांना नातवाकरवी कळवलं. त्यांनी विचारलं, कधीपासून?

२७ जानेवारी, सोमवार
पुण्यातल्या दुसऱ्या टीमला आपली स्क्रिप्ट हवी आहे. 'तो दोन आठवड्यांचा भाग काढून टाकतो, आमच्याकडे सोडून गेलेले फार आहेत.' उत्तर लिहिलं: सोडून गेलेले फार आहेत म्हणूनच तो भाग ठेवा. त्यांचे फोन नंबर शोधायला मी मदत करते.