डॅशबोर्डवरची पिवळी लाइट

गाडीच्या मीटरजवळ इंजिनाच्या आकाराचे एक पिवळे चित्र असते. चावी फिरवली की ते पेटते आणि इंजिन सुरू झाले की विझते. जुन्या गाडीत एखाद्या दिवशी ते विझायचे राहते. आपल्याकडे यावर तीन इलाज चालतात. पहिला, तिकडे बघायचेच नाही. दुसरा, त्यावर काळी चिकटपट्टी लावायची. तिसरा, बॅटरीची वायर काढून थोड्या वेळाने परत जोडायची. तिसऱ्या इलाजाने लाइट खरोखर जाते, आणि आठ-दहा दिवसांत परत येते.

आमच्या घरी ती सात महिने येत-जात होती. गाडी २०१४ची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. भाईजान आखातात नोकरीला गेला तेव्हा ती आम्हा दोघी बहिणींच्या ताब्यात आली. खेड तालुक्यातल्या आमच्या गावातून आठवड्याला दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, अब्बांना डायलिसिससाठी चिपळूणला न्यावे लागते. जुम्याची नमाज चुकू नये म्हणून हे वार त्यांनी स्वतः मागून घेतले. पहाटे फज्रनंतर निघायचे, भोस्ते घाट, मग लोटे, मग परशुराम घाट. येताना अब्बा दमलेले असतात, मागच्या सीटवर अम्मीच्या मांडीवर डोके ठेवून झोपतात. अशी गाडी घाटात बंद पडली तर काय, हा प्रश्न आमच्या डोक्यात दर मंगळवारी आणि दर शनिवारी असायचा.

पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावून लाइट घालवली आणि पाचशे रुपये घेतले. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी सांगितले, ‘ऑक्सिजन सेन्सर गेला.’ सेन्सर बदलला, चार हजार दोनशे रुपये. नवव्या दिवशी परशुराम घाट चढताना लाइट पुन्हा हजर. दुसऱ्या गॅरेजने स्कॅनरवर दोन कोड दाखवले आणि सांगितले, ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर संपला, अठ्ठावीस हजार लागतील. नाहीतर तो कापून सरळ पाइप टाकून देतो, दोन हजारात काम.’

कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर असलेला एक डबा. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर तो कार्बन डायऑक्साइडमध्ये करतो. आपल्या देशात चार महानगरांमधल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो १९९५ मध्ये सक्तीचा झाला. तो कापून टाकायचा म्हणजे गाडीचा धूर तसाच लोकांच्या नाकात सोडायचा. ते आम्हाला पटले नाही. आणि जाता जाता एक सांगतो, ज्यांना हा डबा खरोखर बदलावा लागेल त्यांनी जुना डबा मागून घ्यावा. त्यातल्या धातूंना भंगारातही चांगली किंमत येते.

अठ्ठावीस हजार हा आकडा ऐकून भाईजानने फोनवर सांगितले, ‘विकून टाका. मी थोडे पैसे पाठवतो, दुसरी बघू.’ गावातला एक दलाल आला. गाडी फिरून बघितली आणि म्हणाला, ‘गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी लाइट काढून घेऊ, मग भाव नीट येईल.’ अब्बा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, ‘ऐब लपवून विकायची नाही. लाइट पेटलेली दाखवा, त्याचा जो भाव येईल तो घ्या.’ पेटलेल्या लाइटचा भाव नव्वद हजार आला. नव्वद हजारात आज दुसरी धड गाडी मिळत नाही, आणि भाड्याची गाडी आठवड्यातून दोनदा परवडत नाही. तेव्हा आधी हा ऐब नक्की काय आहे ते स्वतः बघायचे ठरले.

आमच्यापैकी एक शाळेत विज्ञान शिकवते, दुसरीला मोबाइलमधले सगळे कळते. नऊशे रुपयांना एक ब्लूटूथ स्कॅनर मागवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते, त्यात तो बसतो आणि मोबाइलवर ॲप उघडले की गाडीचा संगणक बोलायला लागतो. अमेरिकेत १९९६ पासून ही सोय सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची आहे. आपल्याकडे ती टप्प्याटप्प्याने आली, आणि तिचा पुढचा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. आमची गाडी त्यानंतरची, म्हणून ती बरेच काही सांगू शकली.

कोड दोन होते. पी ०१७१ आणि पी ०४२०. पहिल्याचा अर्थ, मिश्रण ‘लीन’ आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. दुसऱ्याचा अर्थ, कन्व्हर्टर पुरेसे काम करताना दिसत नाही. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण तिथेच बहुतेकांचे पैसे जातात. कोड म्हणजे रोगाचे नाव नाही. ‘ताप आहे’ एवढेच तो सांगतो. मलेरिया आहे की टायफॉइड, ते पुढे तपासायचे असते. पी ०१७१ आला की सेन्सर बदलणे हे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे आहे.

हा सेन्सर धुराच्या वाटेवर बसलेला असतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजतो. असा सेन्सर असलेली पहिली गाडी व्होल्व्होने १९७६ मध्ये बाजारात आणली. पेट्रोल नीट जळायला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, वजनाने. धुरात ऑक्सिजन जास्त दिसला की संगणक समजतो, पेट्रोल कमी पडते आहे, आणि इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही वाढ-घट ॲपमध्ये ‘फ्युएल ट्रिम’ या नावाने टक्क्यांत दिसते. शून्याच्या आसपास असेल तर उत्तम, दहाच्या आत चालते. आमच्या गाडीची जागेवर उभी असताना बावीस टक्के होती. ॲक्सिलरेटर दाबून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर नेले की ती आठवर यायची.

हा फरक महत्त्वाचा. पेट्रोल पंप कमजोर असता किंवा फिल्टर तुंबला असता, तर जोर पडल्यावर आकडा वाढला असता. इथे उलटे होत होते. याचा अर्थ, कुठून तरी थोडी हवा चोरून आत येते आहे. इंजिन संथ असताना ती थोडी हवाही मोठी ठरते, आणि जोरात असताना नगण्य.

मग प्लग काढून बघितले. प्लग काळेकुट्ट, काजळी धरलेले. इथे आम्ही बराच वेळ अडलो. पेट्रोल कमी असेल तर प्लग पांढुरके पडतात. काजळी येते ती पेट्रोल जास्त झाल्यावर. संगणक म्हणतो पेट्रोल कमी, प्लग म्हणतो जास्त. ॲव्हरेजही लिटरला सोळावरून बारावर आले होते, म्हणजे तेही प्लगच्याच बाजूने. दोन साक्षीदार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. खोटे कोणीच बोलत नव्हते. सेन्सर नवा होता आणि त्याला जे दिसत होते तेच तो सांगत होता. प्रश्न होता, त्याला दिसणारी हवा इंजिनातून आलेली आहे की इंजिनाच्या नंतर कुठून तरी शिरलेली.

उत्तर अम्मीकडे निघाले. ती म्हणाली, ‘पहाटे गाडी चालू करता तेव्हा शिलाई मशीनसारखा टिकटिक आवाज येतो ना, तो तिठ्यापर्यंत जाता जाता बंद होतो.’ आवाज आम्हीही ऐकला होता. पण जुन्या गाडीचे किती आवाज मनावर घ्यायचे! अम्मीने तीस वर्षे शिलाई केली आहे. मशीनचा बदललेला आवाज तिला झोपेतही कळतो. गार असताना येणारा आणि गरम झाल्यावर थांबणारा आवाज म्हणजे धातू तापून फुगतो आणि कुठली तरी फट मिटते.

शेजारच्या गावात एक चाचा आहेत, कुवेतच्या वर्कशॉपमध्ये अर्धे आयुष्य काढून परतलेले. त्यांच्यापुढे आम्ही मोबाइलचे आकडे, प्लगचे फोटो आणि अम्मीचे वाक्य ठेवले. ते हसले. म्हणाले, ‘पोरींनो, नव्वद टक्के काम तर तुम्हीच केलंय. उद्या गाडी गार असताना आणा.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन सुरूच केले नाही. धूळ उडवायचा ब्लोअर घेतला, मागे सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी गुंडाळून लावला आणि हलकी हवा आत सोडली. मग साबणाचे पाणी घेऊन पुढच्या प्रत्येक जोडावर शिंपडत गेले. जिथे मेनिफोल्डला पुढचा पाइप जोडलेला असतो तिथे फेसाचा गोळा उठला. पॅकिंग एका बाजूने जळून गेले होते आणि दोनांपैकी एक स्टड गंजून तुटला होता. आमच्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर खारी हवा. लोखंड किती टिकणार? सेन्सर त्या जोडाच्या वीतभर पुढे होता.

आता सगळे जुळले. इंजिनातून धूर सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये पाइपात क्षणभर ओढ तयार होते, आणि त्या ओढीने फटीतून बाहेरची हवा आत जाते. सेन्सरला तीच हवा दिसायची. संगणक बिचारा पेट्रोल वाढवत राहायचा, प्लग काळे पडायचे, ॲव्हरेज उतरायचे. कन्व्हर्टरचा हिशेबही मागच्या सेन्सरवरून लागतो, त्याच चोरट्या हवेने तोही बिघडायचा.

पॅकिंग तीनशे वीस, दोन स्टड आणि नट एकशे ऐंशी, मजुरी नऊशे. एकूण चौदाशे रुपये. तुटलेला स्टड काढायलाच दोन तास गेले. चाचांनी नव्या पितळी नटांना थोडे गरम तापमानाचे ग्रीस लावले, पुढच्या वेळी खोलताना त्रास नको म्हणून.

पण पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने आम्ही हादरलो. चाचांनी विचारले, ‘गाडीत कोणाचं डोकं दुखतं का?’ अम्मीचे दुखायचे, विशेषतः येताना. अब्बांचेही. ते आम्ही डायलिसिसच्या थकव्यावर टाकले होते, आणि खरोखर त्याचेही असू शकते. पण फट इंजिनच्या मागच्या बाजूला, केबिनच्या भिंतीजवळ होती. तिथून निसटलेला धूर काचेखालच्या हवेच्या जाळीतून आत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही की रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. अब्बांचे हिमोग्लोबिन किडनीच्या आजारामुळे आधीच नऊच्या आसपास असते, त्यासाठी इंजेक्शने चालू आहेत. अशा माणसाला तासभर बंद काचांच्या गाडीत बसवायचे! त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. पुढच्या शनिवारी डॉक्टरांच्या कानावर सगळे घातले. त्यांनी अब्बांना तपासले आणि सांगितले, चिंतेचे काही दिसत नाही, मात्र गाडी दुरुस्त केलीत हे फार बरे केले. अलहम्दुलिल्लाह.

म्हणून ज्यांच्या घरी ही लाइट पेटलेली आहे त्यांना काही सांगावेसे वाटते. लाइट स्थिर असेल तर गाडी चालवून गॅरेजपर्यंत नेता येते. पण ती उघडझाप करत असेल तर इंजिन ‘मिसिंग’ मारते आहे, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळते आहे, तेव्हा गाडी बाजूला घ्यावी. गॅरेजवाल्याला कोड पुसण्याआधी तो कागदावर लिहून द्यायला सांगावे. पुसल्यावर कोडबरोबर त्या क्षणाची नोंदही जाते, इंजिन किती गरम होते, वेग किती होता वगैरे, आणि पुढच्या मिस्त्रीच्या हाती काही राहत नाही. आणि कोणी महागडा भाग बदलायला सांगितला तर विचारावे, हा भाग खराब झाला हे कशावरून? चांगला मिस्त्री या प्रश्नावर रागावत नाही.

दुरुस्तीनंतर आम्ही कोड एकदा पुसले आणि वाट बघितली. फ्युएल ट्रिम तीन टक्क्यांवर आली आहे. अडीच महिन्यांत दोन्ही कोड परतले नाहीत, ॲव्हरेज पुन्हा पंधराच्या वर आहे. अम्मीचे डोके आता फक्त घाटाच्या वळणांनी दुखते. स्कॅनर मोहल्ल्यात फिरतो आहे, सध्या तो मदरशाच्या व्हॅनला लावलेला आहे, तिथे पी ०३०२ आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचे मिसिंग. प्लग किंवा कॉइल असावी. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करून बघा, कोड ०३०१ झाला तर कॉइल, असे त्यांना सांगून ठेवले आहे.