ब्यावोव्हिएझा: जिथे पडलेलं झाड तसंच राहतं

युरोप म्हटलं की आपल्याला पॅरिस नाहीतर स्वित्झर्लंड आठवतं. काही वेगळं पाहायचं असेल, तर पोलंडच्या पूर्व टोकाला, बेलारूसच्या सीमेला लागून असलेल्या ब्यावोव्हिएझाला जा. ही एक ‘ग्मिना’ आहे, म्हणजे काही गावांचा मिळून एक कारभार, आपल्या गट ग्रामपंचायतीसारखा.

इथलं जंगल १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या सर्वात जुन्या भागात गाईडशिवाय जाता येत नाही. आत शिरल्यावर आधी विचित्रच वाटेल, कारण सगळीकडे पडझड. शेकडो वर्षांचे ओक आडवे झालेत, त्यांवर शेवाळ, भूछत्रं आणि त्याच खोडावर रुजलेली नवी रोपं. मेलेलं झाड इथे कोणी उचलत नाही. सुतारपक्षी, भुंगे, बुरशी, सगळ्यांचा संसार त्यावरच चालतो.

पहाटे उठलात तर कुरणाच्या कडेला युरोपियन बायसन दिसू शकतो. आपल्या गव्याचाच नातलग, फक्त जास्त केसाळ. १९१९ मध्ये इथला शेवटचा रानटी बायसन मारला गेला. मग प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांपासून १९२९ मध्ये पैदास सुरू झाली आणि १९५२ मध्ये ते पुन्हा जंगलात मोकळे सोडले गेले.

गावात नक्षीदार खिडक्यांची लाकडी घरं आहेत. कॅथलिक शेजाऱ्यांचा नाताळ २५ डिसेंबरला, ऑर्थोडॉक्स शेजाऱ्यांचा ७ जानेवारीला! बटाट्याची भाजलेली ‘बाबका’ मात्र दोघांचीही.

पण जंगलावरून इथे भांडणंही आहेत. पोलंडच्या बाजूच्या जंगलाचा जेमतेम सहावा हिस्सा राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तो वाढवायचा तर कायद्याने ग्मिनाची संमती लागते. लाकडावर पिढ्या जगलेली माणसं ती सहज कशी देतील? साल पोखरणाऱ्या भुंग्याचं कारण सांगून सरकारने तोड वाढवली, तेव्हा प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. २०१८ मध्ये ती तोड बेकायदा ठरली. मला निकाल पटतो. तरी बर्फाच्या दिवसांत घर उबदार ठेवायला लाकूड लागणाऱ्या घरातला रागही कळतो.

२०२२ मध्ये सीमेवर साडेपाच मीटर उंच पोलादी कुंपण उभं राहिलं. जंगल दोन्हीकडे तेच, प्राण्यांची वाट मात्र अडली. सीमेलगत काही ठिकाणी प्रवेशबंदी असते, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा.