समेची जागा

एकटीने परदेशी जाऊन तिथला नाच शिकायचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. बाई घरदार मागे ठेवून निघाली, कुठल्याशा चौकात बेभान नाचली आणि तिला ती स्वतः सापडली. मी कथक करते, शिकवते आणि गेली काही वर्षं सवड काढून बाली, स्पेन, अर्जेंटिना इथे विद्यार्थिनी म्हणून राहून येते. माझा अनुभव या चित्राशी जुळत नाही. परक्या नाचाच्या वर्गात बेभान होणं परवडतच नाही. तिथे भान दुप्पट लागतं. सापडतं ते इतकंच, की आपल्या गुरूंनी आणि आपल्या तालाने आपलं अंग कसं घडवलं आहे. घरी ते दिसत नाही, कारण आजूबाजूच्या सगळ्यांचं अंग त्याच मुशीतून निघालेलं असतं.

पहिला धडा बालीतला. उबुदजवळचं पेलियातान हे नाचासाठी आणि गामेलान वादनासाठी नावाजलेलं गाव. तिथे शिकवणाऱ्या बाई आकडे मोजत नाहीत आणि फारसं समजावूनही सांगत नाहीत. त्या आपल्या मागे उभ्या राहतात, दोन्ही मनगटं धरतात आणि आपले हात त्यांच्या हातांनी फिरवतात. गुडघा कमी वाकला तर त्यांचा गुडघा मागून टेकतो, हनुवटी बोटाने वळवली जाते. ‘आगेम’ ही तिथली उभं राहण्याची मूळ रीत: गुडघे वाकलेले, कोपरं वर उचललेली, पाठीला बाक, भार एका पायावर जास्त. कथकमध्ये आम्ही ताठ कण्याने, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभ्या राहतो. हा ताठपणा माझा स्वभाव नसून माझी तालीम आहे, हे त्या बाईंच्या हातांनी मला न बोलता सांगितलं. आणखी एक गोष्ट तिथेच कानावर पडली. गामेलानमध्ये सगळ्यात मोठी घंटा आवर्तनाच्या शेवटी वाजते. सगळ्या वाद्यांची ओढ त्या शेवटाकडे असते.

ती ओढ अंगात उतरली ती स्पेनच्या दक्षिणेला, अंदालुसियातल्या हेरेझ गावात. सांतियागो आणि सान मिगेल हे तिथले जुने मोहल्ले, फ्लामेंकोची घराणीच म्हणावीत असे. इथे १९९७ पासून दरवर्षी थंडी ओसरताना फ्लामेंकोचा मोठा महोत्सव भरतो आणि जगभरातून माणसं शिकायला येतात. मी मुद्दाम महोत्सव सोडून गेले, गर्दी नसताना.

वर्गात आधी खिळेवाले बूट बाजूला ठेवायला लावले. खुर्च्या गोलात मांडून आम्ही टाळ्या शिकलो. टाळीचेही दोन प्रकार. दोन्ही तळहातांची ओंजळ करून वाजवली की घुमी, दबकी टाळी. एका हाताची बोटं दुसऱ्या तळव्यावर मारली की कोरडी, धारदार टाळी. गाणारा हलक्या आवाजात असेल तर पहिली, नाच उसळला की दुसरी. सोलेआ हा फ्लामेंकोचा भारदस्त प्रकार बारा मात्रांचा. एकतालही बाराच मात्रांचा, तेव्हा मला आनंद झाला. पण सोलेआचे जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर येतात. पहिल्या दोन मात्रा हलक्या जातात, आणि नाचाचं वाक्य दहावर येऊन पुरं होतं. पुढच्या दोन मात्रा श्वासाच्या.

कथकवाल्या बाईसाठी ही उलथापालथ आहे. आमची तिहाई, आमचा तोडा, आमचं चक्कर, सगळ्यांची धाव समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे. तबल्यावर ‘धा’ पडतो, पाय आणि मान एकाच क्षणी थांबतात, समोरून दाद येते. लहानपणापासून मी त्या एकवर घर बांधून राहिले आहे. हेरेझमध्ये त्या एकवर काहीच घडत नाही. दहावर थांबायचं आणि पुढची शांतता तोलून धरायची. माझे पाय ततकाराला सरावलेले, पंजा-टाचेची कामं त्यांनी लवकर उचलली. पण थांबण्याची जागा बदलायला अंग सहजी तयार झालं नाही. जिथे आपण धावतो तिथे नव्हे, जिथे आपण थांबतो तिथे आपली तालीम खरी मुरलेली असते.

याहून खोल फरक गाण्याचा आहे. कथकमध्ये लेहरा, म्हणजे आवर्तनाची फिरती धून, अखंड चालू असतो. त्याच्या भरवशावर आम्ही लयीशी हवे ते खेळ करतो, लेहरा आपली चाल सोडत नाही. फ्लामेंकोत केंद्र गाणाऱ्याकडे. नाचणारी पायांच्या एका ठरावीक आघाताने त्याला हाक देते, मग तो ओळ घेतो. ती ओळ किती आवर्तनं ताणली जाईल हे आधी ठरलेलं नसतं. तोवर नाचणारीने साधी चाल धरून ऐकत राहायचं. ओळ संपली की तिथे पायांची छोटीशी मोहर उमटवायची. ओळ चालू असताना पाय वाजवणं हे तिथे मध्येच बोलण्यासारखं समजतात. चांगल्या नर्तकीची पारख तिच्या पायांच्या वेगावर होत नाही; ती गाणं कसं ऐकते यावर होते.

एका संध्याकाळी फ्लामेंकोच्या स्थानिक मंडळात बुलेरियास हा फ्लामेंकोचा प्रकार चालू होता. माणसं गोल करून उभी, टाळ्या सगळ्यांच्या. सत्तरीच्या पुढच्या एक आजी हातातली पर्स शेजारणीकडे देऊन मध्ये आल्या. दोन पावलं चालल्या, परकराचा काठ किंचित उचलला, गाणाऱ्याची ओळ पुरी होऊ दिली, खांदा एकदा उडवला आणि दहावर टाच टेकवून थांबल्या. सगळा गोल एका आवाजात ओरडला. आजी पर्स घेऊन परत जागेवर. त्या नाचात वेग नव्हता, उंच हात नव्हते, गिरकी तर नव्हतीच. पण काय सोडायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. युनेस्कोने २००९ मध्ये टँगोला आणि २०१० मध्ये फ्लामेंकोला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तो मान योग्यच आहे, पण वारसा टिकतो तो अशा आजींच्या टाचेत.

भारतातून गेलेल्या प्रत्येक नर्तकीला स्पेनमध्ये प्रेमाने सांगतात, तुमचा आणि आमचा नाच एकच. फ्लामेंकोशी जोडल्या गेलेल्या रोमा, म्हणजे जिप्सी, लोकांचे पूर्वज भारताच्या वायव्येकडून निघाले, हे त्यांच्या भाषेवरून आणि जनुकांवरून सिद्ध झालेलं आहे. पंधराव्या शतकात त्यांचे वंशज स्पेनमध्ये पोचले. पण फ्लामेंको आजच्या रूपात घडला तो अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकात, अंदालुसियाच्या मातीत. कथकचं आजचं रूपही बरंचसं लखनौ-जयपूरच्या दरबारांत घडलेलं. त्या पूर्वजांच्या निघण्यापासून या दोन नाचांच्या घडणीपर्यंतचं अंतर शेकडो वर्षांचं आहे. ते अंतर मला प्रिय आहे. ‘हे तर आमचंच’ म्हटलं की शिकणं थांबतं. परकं म्हणून समोर बसलं तरच ते आपल्याला काही देतं.

टँगोसाठी ब्युनोस आयर्सला जाताना मनात धास्ती होती ती मिठीची. अनोळखी पुरुषाच्या छातीशी छाती टेकवून नाचायचं, तेही परक्या शहरात, रात्री उशिरा. पण टँगोच्या बैठकीचे, म्हणजे मिलोंगाचे, नियम पाहिले आणि धास्ती विरली. मिलोंगाला एकटीने येणाऱ्या बायका खूप. आपल्या टेबलाशी बसायचं. समोरून कोणी नजर रोखली आणि आपणही ती नजर धरून ठेवली, तर तो मान हलवतो, आपणही हलवतो, आणि तो टेबलापर्यंत येतो. इच्छा नसेल तर दुसरीकडे बघायचं. कोणी तोंडाने नाही म्हणत नाही, कोणाचा अपमान होत नाही. टँगोची एक ‘तांदा’ म्हणजे बहुधा चार गाण्यांचा संच. ती एकाच जोडीदारासोबत नाचायची. मग दुसऱ्याच संगीताचा तुकडा वाजतो, सगळे नाचाच्या जागेवरून बाजूला होतात आणि तो आपल्याला जागेवर पोचवून जातो. एकट्या बाईसाठी इतकी नीट बांधलेली सभ्यता मी दुसरीकडे पाहिलेली नाही. या नियमांच्या आत ती मिठी निर्भय होते.

आणि शिकायचं काय, तर चालणं. एका वेळी सगळा भार एकाच पायावर, दुसरा पाय मोकळा, कुठे जायचं हे अजून न ठरवलेला. कथकचं चक्कर डाव्या टाचेवर फिरतं. टँगोचं वळण पंजावर. कार्लोस दि सार्लीच्या वाद्यवृंदाची गाणी असली की ठोका स्वच्छ असतो, पाऊल आपोआप पडतं. ओस्वाल्दो पुग्लिएसे लागला की लय ताणली जाते, जोडीदार पावलाच्या मध्येच थांबतो आणि आपणही त्याच्याबरोबर थांबून राहतो. पुढचं पाऊल कधी, हे ना तबलजी सांगतो, ना गाणारा. ते दोघांच्या श्वासात ठरतं. समेची जागा इथे दर गाण्याला नव्याने शोधावी लागते.

त्या मिठीत मला माझ्या घडणीतली आणखी एक गोष्ट दिसली. मी कायम समोरच्याला दाखवत नाचत आले. कथकमध्ये चेहरा बोलतो, डोळे प्रेक्षकांना धरून ठेवतात. टँगोत चेहरा जोडीदाराच्या खांद्याकडे, पाठ बघणाऱ्यांकडे, डोळे बहुतेक मिटलेले. कोणासाठीही चेहरा सजवायचा नाही, ही मोकळीक मला माझ्या नाचाने दिली नव्हती. ती मिळाल्यावर माझ्या अभिनयातला किती भाग खरा आणि किती सवयीचा, हे मला वेगळं काढता आलं.

एकटीनेच का जायचं, असं मुली विचारतात. सोबत मैत्रीण असली की वर्ग संपताच आपण मराठीत बोलू लागतो आणि दिवसभरात अंगाला जे उमगलं त्याला घाईने नाव देऊन मोकळ्या होतो. एकटी असलं की ते अंगातच राहतं, रात्रभर मुरतं. शिवाय तिथे आपण कोणाच्या ताई नसतो, मॅडम नसतो. जाणाऱ्या मुलींना मी इतकंच सांगते: आधी आपला एक नाच नीट शिकून जा, कारण परकं समजायला आपलं पक्कं लागतं. पर्यटकांच्या तासाभराच्या वर्गावर थांबू नका. एका गावात, एका शिक्षकाकडे, नवशिक्यांच्या रांगेत राहा. नाचण्याआधी बसून बघा, टाळी शिका, तिथले नियम शिका.

माझ्या पुण्यातल्या वर्गात आता घुंगरू बांधण्याआधी मुली टाळी देऊन बोलांची पढंत करतात आणि एकीचा तोडा चालू असताना बाकीच्यांनी ठेका धरून तिला ऐकायचं असतं. मी आजही समेवरच येते आणि तो ‘धा’ मला पूर्वीइतकाच प्रिय आहे. पण आता ठाऊक आहे की थांबायच्या जागा आणखीही आहेत आणि त्या पाहून, अनुभवून मी ही जागा धरली आहे. वारशाने मिळालेली गोष्ट अशी जाणून-उमजून पुन्हा पत्करता येणं, यालाच मी स्वतःचा शोध म्हणेन.