खाजगी बेटावर माझं दिग्व्रत



मागच्या वर्षीची फाल्गुनातली अष्टान्हिका लग्नानंतर पहिल्यांदाच मी आपल्या मंदिरात केली नाही. नंदीश्वर विधानाच्या त्या आठ दिवसांतले चार दिवस मी जहाजावर होते, आणि एक अख्खा दिवस तर चक्क एका कंपनीच्या मालकीच्या बेटावर. परत आल्यापासून ज्या भेटताय त्या सगळ्या एकच विचारताय, "अगं, खायचं काय केलंस?" ते सांगतेच, पण ते सगळ्यात सोपं होतं. अवघड होतं ते वेगळंच.

मुलाने यांच्या सत्तरीनिमित्त सगळं ठरवलं आणि तिकिटं काढून मग सांगितलं. नातवंडांची शाळेची सुट्टी मार्चमध्ये, म्हणून तारखाही त्याच. फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून निघायचं, बहामाजला जायचं, वाटेत 'हाफ मून की' नावाचं बेट. ऐकल्याबरोबर मला माझी वही आठवली.

तुमच्यातल्या काहीजणींना आठवत असेल, २०११ च्या चातुर्मासात आपण बारा-पंधराजणींनी माताजींकडे दिग्व्रत घेतलं होतं. दहाही दिशांची मर्यादा वहीत लिहून काढायची, आणि त्या पलीकडे जन्मभर जायचं नाही, व्यवहारही करायचा नाही. मी तेव्हा विचार करून लिहिलं होतं. पश्चिमेला मुलाचं ऑरलँडोचं घर, दक्षिणेला कन्याकुमारी, उत्तरेला हिमालय, विमानाच्या वाटेला सूट. (अमेरिकेचं विमान किती उत्तरेकडून जातं ते आधीच्या फेरीत पडद्यावर पाहिलं होतं, नाहीतर पहिल्याच वर्षी व्रत मोडलं असतं.) खाली जायची मर्यादा होती आमच्या मळ्यातल्या विहिरीच्या तळापर्यंत. बेटाबिटाचा विचार कोण करतो?

मर्यादा मागाहून वाढवणं म्हणजे क्षेत्रवृद्धी, तो अतिचार. मर्यादाच विसरून जाणं, तोही अतिचार. मला विसरायची सोय नव्हती, वही उशाशीच होती. ऑरलँडोला पोहोचल्यावर दोन रात्री झोप नाही. शेवटी बारा वर्षांच्या नातवाला घेऊन नकाशाच्या पुस्तकासमोर बसले. त्याने पट्टी लावून सांगितलं, "आजी, बेट आपल्या घराच्या पूर्वेला आहे. इंडियाकडून पश्चिमेला येताना आधी बेट लागतं, मग ऑरलँडो." आणि दक्षिणेचं? त्याने बोट सरळ रेषेत फिरवत भारतापर्यंत आणलं. ते उदयपूरवर आलं. म्हणजे हे बेट सम्मेदशिखरजींपेक्षाही किंचित उत्तरेला! हिशेब जुळला. बी.कॉम.ला असताना ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळला की व्हायचा तसा आनंद झाला. पण तुम्हाला म्हणून सांगते, जुळलेल्या ताळेबंदावरही सर लाल पेन्सिल फिरवायचे. अक्षराने व्रत राहिलं होतं. व्रत घेताना मनात जे होतं, ते राहिलं का, याचं उत्तर पट्टीने मिळत नाही.

आता खायचं. तिकीट काढतानाच सुनेने 'जैन जेवण' असं लिहून दिलं होतं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर काही नको, अशी यादी वेगळी. टेबलावर वाढायला आलेला मुलगा गोव्याचा, डिचोलीकडचा निघाला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकी, तुम्ही काळजी करू नका, मी आत जाऊन उभा राहून करून घेतो." रोज वरण, भात, दुधीची नाहीतर कोबीची भाजी. सूर्यास्त तिथे त्या दिवसांत सव्वासातच्या सुमारास, आणि जेवणाची पहिली पंगत साडेपाचला. आपल्याकडे लग्नाकार्यात दिवसाउजेडी जेवण मिळवायला जेवढी धडपड करावी लागते, त्यातली निम्मीही इथे लागली नाही. पिण्याचं पाणी मी माझ्या गळण्याने गाळूनच घेत होते. जहाजावर समुद्राचंच पाणी गोडं करून वापरतात हे कळल्यावर हे म्हणाले, "आता समुद्र गाळून झाला, अजून किती गाळशील?" मी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेट. जहाज लांबच नांगर टाकून उभं राहतं आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीला टेंडर म्हणतात. मला टेंडर म्हणजे निविदा एवढंच माहीत. यांचे गुडघे दुखरे, हलत्या बोटीत पाय टाकताना दोन खलाशांनी दोन्हीकडून धरलं. आणि मग समोर तो किनारा. चंद्रकोरीसारखा वळलेला, वाळू पिठीसाखरेसारखी, पाणी इतकं निळं की जवळ गेल्यावर ओंजळीतही निळंच निघेल असं वाटावं.

बेटाचं मूळ नाव लिटल सॅन साल्वादोर. १९९६ मध्ये हॉलंड अमेरिका या जहाज कंपनीने ते ६० लाख डॉलरला विकत घेतलं. एकूण जमीन सुमारे २,४०० एकर. मी तिथल्या तिथे भागाकार केला, एकरी अडीच हजार डॉलर! बांधकाम त्यातल्या साधारण ५० एकरांवरच आहे, बाकी सगळं झाडोरा, खारं तळं आणि पक्षी. ही पद्धत सुरू झाली १९७७ मध्ये. नॉर्वेजियन कंपनीने बहामाजमधलंच ग्रेट स्टिरप की हे बेट प्रवाशांसाठी घेतलं, आणि मग एकेक करत बाकीच्यांनीही बेटं घेतली. रॉयल कॅरिबियनने तर हैती देशाच्या किनाऱ्याचा एक तुकडा, लबाडी नावाचा, भाडेपट्ट्याने घेतलाय. नाव ऐकून मी हसले, पण नाव खरंच तेच आहे. कॉमर्सवाल्या बाईला यातलं गणित लगेच कळतं. जहाज एखाद्या गावाच्या बंदरात लागलं तर प्रवासी टॅक्सी करतो, बाजारात जातो, बाहेर जेवतो, पैसा गावात जातो. कंपनीच्या बेटावर खुर्ची, छत्री, सरबत, सगळ्याचा गल्ला एकच. जेवणसुद्धा जहाजावरूनच आणलेलं.

परिग्रहाच्या यादीत पहिलं नाव क्षेत्राचं, म्हणजे जमिनीचं, ते का, हे त्या खुर्चीवर बसून मला जरा जास्त कळलं. या बेटांवर पूर्वी लुकायन लोक राहायचे. १४९२ मध्ये कोलंबस याच बाजूला उतरला, आणि त्यानंतर पुरती तीस वर्षंही ते लोक इथे टिकले नाहीत. गुलाम करून नेले. आता बेटावर तिथल्या माणसांच्या काही छोट्या दुकानांपुरती जागा आहे. ताडाच्या पात्यांच्या वेण्या घालून टोप्या आणि पिशव्या विणणारी एक आजी होती. तिचं बोट चालायचं ते पाहून मला आपल्या दारची वळवटं करणारी माणसं, सासूबाई, सगळं आठवलं. घ्यायचं काही नाही असं ठरवून गेले होते, तरी तिच्याकडून एक पिशवी घेतली. पैसा निदान तिच्या कनवटीला जाईल. बहामाजचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या बरोबरीचा, त्यामुळे सुट्ट्याची भानगड नाही.

दुपारी मांस भाजण्याचा धूर सुटला तेव्हा मी खुर्ची वाऱ्याच्या उलट बाजूला नेली. जहाजावरचं मोकळं अन्न बेटावर नेता येत नाही, पण बंद पाकिटातला खाकरा चालतो. खाकरा, मेतकूट आणि गाळलेल्या पाण्याची बाटली. त्या दिवसापुरतं मी देशव्रत घेतलं. माझी खुर्ची, स्वच्छतागृह आणि बोटीचा धक्का, बस. णमोकार म्हणत बसले होते आणि मनात सारखं नंदीश्वर द्वीप येत होतं. आठवं द्वीप, बावन्न जिनालयं, आणि तिथे जायला मिळतं फक्त देवांना. माणसाला मानुषोत्तर पर्वतापलीकडे वाटच नाही. इथे तिकिटवाल्याला वाट आहे.

तेवढ्यात नातू धावत आला. गुडघाभर पाण्यात गवत होतं तिथे त्याला एक शंख सापडला होता, आणि तो रिकामा नव्हता. पाठशाळेत शिकलेलं त्याला पाठ, शंख म्हणजे द्वींद्रिय, स्पर्श आणि रसना. "पण आजी, याला डोळे आहेत!" मी चष्मा लावून वाकले. खरंच. कवचाखालून दोन देठ आले होते आणि टोकाला गोल, पिवळसर कडांचे डोळे. आमच्याकडेच पाहत होते म्हणा ना. "मग हा चतुरिंद्रिय का?" मला उत्तर आलं नाही. अजूनही नाही. पुढच्या चातुर्मासात विचारायचं म्हणून वहीत लिहून ठेवलंय. त्याला एवढंच म्हटलं, जिथून उचललास तिथेच, तसाच ठेव. हा शंख बहामाजमध्ये लोक खातात, कोशिंबिरीसारखा चिरून, तळून. इतका खाल्ला की आता संख्या घटली आणि नियम करावे लागले, कवचाचा ओठ पूर्ण पसरल्याशिवाय तो धरायचा नाही.

आणि मग हे म्हणाले, "चल, माझ्याबरोबर पाण्यात."

माझा नियम यांना माहीत आहे. न गाळलेल्या पाण्यात, नदीत, समुद्रात उतरून स्नान नाही. मी म्हटलं, "अहो, तुम्ही जा. मी इथून बघते." त्यावर हे थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग समुद्राकडे बघतच म्हणाले, "बेचाळीस वर्षं दिवाळीच्या गर्दीत गिऱ्हाईक तसंच सोडून दिवस बुडायच्या आत जेवायला घरी आलो. दुकानात बाबा रागवायचे. तो नियम मी कधी घेतला नव्हता. तू घेतला होतास."

मैत्रिणींनो, मी गप्प झाले. मला वाटायचं, रात्रिभोजनत्याग आमचा दोघांचा. सगळ्यांना तसंच सांगायचे, अभिमानाने. हे रोज येऊन पानावर बसायचे, मी कधी विचारलंच नाही. नियम माझा, आणि त्याचा खर्च बेचाळीस वर्षं दुसऱ्याच्या खात्यावर पडत होता. एवढी जमाखर्च लिहिणारी मी, आणि ही नोंद राहून गेली.

मी उठले. साडी खोचली, चपला खुर्चीखाली ठेवल्या. माझ्या देशव्रताची मर्यादा खुर्चीपासून पंधरा पावलांवर संपत होती, तेही माहीत होतं. यांचा हात धरला, कारण वाळूत यांचे गुडघे डगमगतात. पाणी कोमट होतं. लाट आली तेव्हा हे लहान मुलासारखे ओरडले. लांबून सून फोटो काढत होती, तिला मी कधी नव्हे ते थांबवलं नाही.

संध्याकाळी जहाजावर सामायिक झाल्यावर वही काढली. देशव्रत मोडलं म्हणून दुसऱ्या दिवशी एकभुक्त लिहिलं, एकशे आठ जप लिहिले. हे पलंगावर पडून बघत होते.

"पाणी कुठपर्यंत लिहिलंस?"

"गुडघ्यापर्यंत."

"घोट्याच्या वर गेली नव्हतीस," हे म्हणाले. "खोटी नोंद करू नकोस."

मी खोडून घोटा लिहिलं.