लेप्याचा डोळा

माझी नात नागपूरची. तिच्या पाळण्यावर मी जे चिमणाळं शिवून टांगलं, त्यात एकही पोपट नाही. कासव आहे, पापलेट आहे, पाकट, कुर्ली, माकूल, डॉल्फिन आणि लेपा आहे. सगळे फेल्टचे, हातानं शिवलेले, एका ओंजळीत तिघे-चौघे मावतील एवढे.

लेकीच्या वेळी माझ्या आईनं लाकडी पोपटांचं चिमणाळं दिलं होतं. आमच्या घरी ते आजोळाकडूनच यायचं. लेकीचं पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. मग हर्णैचं घर बंद करून डिसेंबरात मीच नागपूर गाठलं. तिथल्या गच्चीवर पहिल्या संध्याकाळी उभी राहिले तेव्हा वारा कोरडा होता. त्याला कसला म्हणजे कसलाच वास नव्हता. जन्मभर खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या माणसाला ते फार जाणवतं. या पोरीच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येईल ते आपल्या बंदरावरचं असावं, असं मला त्या गच्चीवर वाटलं आणि मनात घट्ट बसलं.

मी तीस वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवला. धावदोरा, उलटी टीप, साखळी, काजाचा टाका, मच्छीटाका, गाठीचा टाका हे माझ्या बोटांत आहेत. पण फेल्ट मी कधी फारसं हाताळलं नव्हतं. ते विणलेलं कापड नसतं. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं मिळालं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि सगळं एकजीव होतं. आपल्याकडे धनगरी लोकरीचं जेन असंच थापून, मळून करतात. स्टेशनरीच्या दुकानात रंगीत ताव मिळतात ते बहुतेक कृत्रिम धाग्याचे, पण गुण तोच. त्याला उभा-आडवा धागा नाही, म्हणून कसंही कापा, कडा उसवत नाहीत. आणि कड दुमडायची नाही म्हणूनच दोन इंचांचा मासा शिवता येतो. तोच सुती कापडाचा करायला गेलं तर शिवणीतच अर्धा मासा संपेल.

लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर आकार काढले. प्रत्येकाचे दोन भाग कापायचे, डोळे आणि रेघा आधी भरायच्या, मग दोन्ही भाग जुळवून कडेनं काजाचा टाका घालायचा. अँकरच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोनच घेतले. टाक्याची खोली आणि दोन टाक्यांमधलं अंतर एकसारखं राहिलं तर कड एखाद्या बारीक विणीसारखी दिसते. शेवटी बोटभर जागा उघडी ठेवून कापूस भरायचा. शेपटीच्या आणि परांच्या टोकांत आधी, पोटात शेवटी, नाहीतर टोकं कायमची पोकळ राहतात. मणी आणि बटणं मी घेतलीच नाहीत. सुटलेला मणी तान्ह्याच्या तोंडात गेला तर घात होतो. त्यामुळे सगळ्यांचे डोळे गाठीच्या टाक्याचे.

कापूस मात्र मी घरून आणलेला, सावरीचा. आईच्या जुन्या उशीतला. हा कापूस हलका, मऊ आणि पाण्याला न जुमानणारा. याच जातीच्या झाडांच्या कापसानं एके काळी जहाजांवरची जीवरक्षक जाकिटं भरत असत. तो हातात घेतला की उडतो, नाकात जातो, आणि उशी उसवल्यावर त्या नागपूरच्या खोलीत आईच्या घराचा वास पसरला. मी थोडा वेळ काहीच शिवलं नाही.

माझे वडील हर्णै बंदरावर बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. संध्याकाळच्या लिलावाला मी त्यांचं बोट धरून जायची. होड्या उभ्या राहत तिथपर्यंत बैलगाड्या पाण्यात शिरायच्या, मासळी घेऊन किनाऱ्यावर यायच्या. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. वाळूवर ढीग पडायचे आणि वडील मला मासे ओळखायला लावायचे. पुढे मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं मासे साफ केले, कापले, शिजवले. म्हणून मला वाटलं होतं की या जिवांची मला पुरती ओळख आहे. सुई हातात घेतल्यावर कळलं की विळीवर मासा जसा कळतो, तसा सुईला कळून चालत नाही. सुई विचारते, पर नेमका कुठून फुटतो? किती? शेपूट कशी?

पापलेटानं मला पहिला धडा दिला. २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झालेला हा मासा, आणि मी त्याच्या पोटाखाली दोन छोटे पर लावून बसले, इतर माशांना असतात तसे. काहीतरी खटकत होतं. हजारो पापलेटं हाताखालून गेलेली, त्यातलं एक डोळ्यांसमोर आणलं आणि अंगठा मनातल्या मनात त्याच्या पोटावरून फिरवला. गुळगुळीत. तिथे परांची जोडी नसतेच. उसवून टाकली. माकुलाच्या वेळी मोजून शिवलं, आठ हात आणि दोन लांब सोंडा. डॉल्फिनची शेपूट मी माशासारखी उभी कापली होती, ती लेकीनं पकडली. डॉल्फिन आपल्यासारखा सस्तन, त्याची शेपूट आडवी पसरते आणि वरखाली हलते. मुरुडच्या किनाऱ्यावरून त्यांच्या पाठी पाण्याबाहेर येताना मी किती वेळा पाहिल्यात, पण शेपटीकडे लक्ष गेलं नव्हतं.

विहीणबाई रोज दुपारी चहा घेऊन माझ्याजवळ बसायच्या. पक्क्या शाकाहारी. चार दिवस त्या नुसत्या बघत होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "ताई, एक विचारू? मासोळ्या काहून लावून राहिल्या तुम्ही पाळण्यावर? पोपट-चिमण्या लावतात ना."

मी म्हटलं, "आमच्याकडे दारात चिमण्या असतात तसे हे असतात, विहीणबाई."

त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून आल्या, कासव हातात घेतलं, पापलेट घेतलं. "मत्स्य आन् कूर्म," त्या हळूच म्हणाल्या. "पयले दोन अवतार झाले की हे." मग थोडं थांबून, "पण एक तरी पाखरू लावा. पोरगी आहे, उडायला पाहिजे." मी त्यांना आमच्या कुरवांविषयी सांगितलं. हिवाळ्यात येतात, लिलावाच्या वेळी होड्यांमागे भिरभिरतात. पांढरं आणि राखी फेल्ट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या आयुष्यात कशिदा केला नव्हता, पण ठिपक्यांची रांगोळी अशी काढतात की दोन्ही बाजू केसभर इकडेतिकडे होत नाहीत. कुरवाचे दोन पंख त्यांनी तसेच कापले, पट्टी न लावता.

सगळे झाल्यावर भरतकामाच्या लाकडी रिंगला दोरे बांधून आम्ही ते बैठकीतल्या झोपाळ्याच्या कडीला अडकवून पाहिलं. डॉल्फिन जड, रिंग त्याच्या बाजूला झुकली. दोरे सरकवत सरकवत तोल साधला. लांबून फार देखणं दिसत होतं. एकेकाची बाजू दिसत होती, डोळा, रेघा, शेपूट. विहीणबाई समाधानानं बघत होत्या. आणि माझ्या मनात आलं, बाळ काही दारात उभं राहून बघणार नाही. ते उताणं असणार.

मी खाली फरशीवर आडवी झाले. वर पाहिलं तर सगळे मासे म्हणजे नुसत्या जाड रेघा. शिवणीची कड तेवढी दिसत होती. इतके दिवस जे जे भरलं होतं, त्यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. विहीणबाई घाबरून जवळ आल्या, मला चक्कर आली असं त्यांना वाटलं. मी म्हटलं, "तुम्हीही जरा आडव्या व्हा." त्या झाल्या. आम्ही दोघी शेजारी शेजारी पडून वर बघत राहिलो. मला एकदम उमगलं की आपण समुद्राच्या तळाशी आहोत. पाळण्यातलं मूल समुद्राच्या तळावरूनच वर बघतं. मग त्याला पोटं दिसली पाहिजेत.

दुसऱ्या दिवसापासून मी जवळजवळ सगळं पुन्हा शिवलं, आणि हे दुसरं शिवणं मला पहिल्याहून कितीतरी जास्त आवडलं. माशांची पाठ गडद आणि पोट फिकं का असतं, हे मी शाळेत मुलांना सांगितलं होतं. वरून बघणाऱ्याला गडद पाठ खोल पाण्यात मिसळलेली दिसते, खालून बघणाऱ्याला फिकं पोट वरच्या उजेडात हरवतं. पण बाळापासून मला काही हरवू द्यायचं नव्हतं. नवजात बाळाला वीतभर किंवा त्याहून थोडं लांबचंच नीट दिसतं, आणि काळं-पांढरं सगळ्यात आधी. तेव्हा पोटं पांढरी ठेवली आणि कडेचा टाका काळ्या दोऱ्याचा घातला. पाकट आडवी टांगली. तिचं तोंड आणि कल्ल्यांच्या पाच-पाच फटी खालच्याच बाजूला असतात, खालून ती हसऱ्या चेहऱ्यासारखी दिसते. कुर्लीच्या पोटावर झाकण असतं, नराचं अरुंद, मादीचं रुंद आणि गोल, त्यातच ती अंडी सांभाळते. मी रुंद झाकणाची केली. मागच्या पायांची जोडी वल्ह्यासारखी चपटी. डॉल्फिनची आडवी शेपूट खालून काय सुरेख पसरली!

कासवाला मात्र मी हात लावला नाही. ते पहिल्यापासूनच आडवं होतं आणि त्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव होता. हर्णैच्या खाडीपलीकडे आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी, पन्नासेक दिवसांनी पिल्लं. तिकडे वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी राखायला सुरुवात केली, आणि मग किनाऱ्यावरच्या इतर गावांतही ते काम पोचलं. एका मार्चमध्ये मी आंजर्ल्याला पहाटे जाऊन पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिली. काळपट राखी, पाठ जेमतेम दीड इंचाची. दुकानात मिळणारं खेळण्यातलं कासव हिरवंगार असतं, माझं काळपट राखी आहे. पापलेटापासून डॉल्फिनपर्यंत बाकी सगळे मी लहान केले, पण कासवाचं पिल्लू खऱ्या मापाचं आहे. दीड इंच म्हणजे दीड इंच. त्याचे पुढचे पर लांब ठेवले, कारण वाळूवर ती पिल्लं त्यांच्याच जोरावर स्वतःला ओढत नेतात, लाटेनं मागे फेकलं तरी पुन्हा.

राहिला लेपा. जिभेसारखा चपटा मासा, वाळूवर कुशीवर पडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. आडवा टांगला तर बाळाला खालची, बिनडोळ्यांची बाजू दिसणार. उभा टांगला तर तो लेपाच वाटेना. मी लेकीजवळ ही अडचण बोलले. ती जीवशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, "आई, लेप्याचं पिल्लू असं नसतंच गं. जन्मतः त्याला दोन बाजूंना एकेक डोळा असतो, इतर माशांसारखं उभं पोहतं. मोठं होताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला जातो. मग ते आडवं होऊन तळाशी जातं."

मी सुई खाली ठेवली. लहानपणापासून लेपे तळून खाल्ले, आणि हे मला साठीनंतर लेकीकडून कळलं. त्या रात्री डाव्या बाजूच्या दोन गाठींतली एक उसवली आणि उजव्या बाजूला काढली. उसवल्या जागी फेल्टवर बारीक खूण राहिली. लेपा उभा टांगला.

नात जानेवारीच्या शेवटी आली. बारशाच्या दिवशी पाळणा म्हणताना विहीणबाईंनी दोरी धरली होती आणि वर कुरव हलत होता. पहिले काही आठवडे ती पोर कशाकडेच बघत नव्हती, किंवा सगळ्याकडेच बघत होती. एप्रिलच्या उकाड्यात, पंख्याच्या वाऱ्यानं रिंग फिरत असताना, तिची नजर पाकटीबरोबर फिरली. पाकट पुढे गेली, नजर पुढे गेली. मी लेकीला हाक मारली, लेकीनं सासूला. आम्ही तिघी पाळण्याभोवती श्वास धरून उभ्या होतो.

जुलैत ती पालथी पडून हातांवर उठायला लागली. हात पोचायच्या आत वरचं टांगलेलं उतरवावं लागतं, दोऱ्यांचा धोका असतो. विहीणबाईंनी रिंग खाली घेतली. एकेक दोरा कापून सगळे परडीत ठेवले. परत हर्णैला निघण्याआधीची ती दुपार होती. मी चष्मा लावला, दोन पदर ओवले, लेप्याचा उजवा डोळा उसवला आणि डाव्या बाजूला, त्या जुन्या खुणेवर, गाठीचा टाका घातला.