आधी कारण, मग औषध

पनवेल

चि. सोनू,

चिऊचे केस पुंजक्यांनी गळताहेत म्हणून तू बायोटिनच्या गमीज मागवल्यास. ती बाटली अजून उघडू नकोस, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी तिला खिडकीपाशी बसवून टाळू बघ. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसला तर ती बहुधा चाई. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. पापुद्रे, खाज आणि मुळाशी तुटलेले केस दिसले तर बुरशीचा संशय घ्यावा. बुरशीला पोटातून औषध लागतं, नुसत्या मलमाने भागत नाही. सगळीकडूनच विरळ झाले असतील तर दोन-तीन महिन्यांपूर्वी टायफॉइड, डेंग्यूसारखा ताप येऊन गेला होता का, ते आठव. तसे गळलेले केस बहुधा सहा महिन्यांत भरून येतात.

कमतरतेनेही केस जातात. पण बायोटिन क्वचितच कमी पडतं. मुलांत जास्त आढळते ती लोहाची कमतरता. नुसत्या दुधावर राहणारी, डाळ-भाजीला तोंड न लावणारी मुलं त्यात सापडतात. म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे लोहाचा साठाही, तपासायचा का, ते डॉक्टरांना विचार. घरात चवळीची उसळ, हळीव, अंडं असू दे. उसळीवर लिंबू पीळ, आणि जेवणासोबत चहा नको.

जास्तीचंही वाईटच. 2025 च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इथे लहानथोरांचे केस काही दिवसांत गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे पोचले. रुग्णांत सेलेनियम फार जास्त आणि जस्त कमी आढळल्याचं सांगून त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. शरीराला सेलेनियम लागतं, पण कणभरच. जीवनसत्त्व 'अ' जास्त झालं तरी केस गळतात. शिवाय बायोटिन चालू असताना थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

तेव्हा चिऊला बालरोगतज्ज्ञांना दाखव, गरज पडली तर त्वचारोगतज्ज्ञांनाही. दाट येतील म्हणून टक्कल करू नकोस. त्याने मूळ बदलत नाही. वेणी सैल घाल. आणि तिच्यादेखत तिच्या केसांचा विषय कुणालाही काढू देऊ नकोस, घरच्या मोठ्यांनाही नाही.

तुझी,
मावशी