तान्ह्याला रात्रीचा नियम नसतो



ज्या घरात तान्हं बाळ असतं, तिथं दिवसातून चार वेळा तरी एक वाक्य ऐकू येतं. "आत्ताच तर पाजलं होतं, मग परत का रडतंय?" विचारणारी कधी आत्या असते, कधी शेजारीण, कधी बाळ बघायला आलेली पाहुणी. कुणाच्या मनात वाईट नसतं. पण बाळंतिणीच्या कानावर ते वेगळंच पडतं. तिला ऐकू येतं, "तुझं दूध पुरत नाही."

या एका वाक्यामुळे किती घरांत दुधाचा डबा आला असेल, कोण जाणे. म्हणून आज थोडं सविस्तर लिहिते आहे. बाळाला किती वेळा पाजायचं, वय वाढेल तसं काय बदलतं, आणि आपले नेम, उपवास यात कसे बसवायचे.

गेल्या वर्षी आषाढात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी सांगलीला आली. नात झाली, वजन 2 किलो 850 ग्रॅम. मी बी.कॉम. झालेली बाई. नोकरी केली नाही, पण घरचा जमाखर्च चाळीस वर्षं लिहिते आहे. म्हणून पाळण्याशेजारी एक वही ठेवली. एका बाजूला जमा, म्हणजे किती वाजता पाजलं. दुसऱ्या बाजूला खर्च, म्हणजे किती लंगोट ओले झाले, शी किती वेळा. लेक हसली, पण पुढे तीच वही कामाला आली.

पहिल्या दिवशी बाळाचं पोट केवढंसं असतं. एका वेळेला दोन ते दहा मिलीलीटर चीक, म्हणजे चमचा-दोन चमचेच जातात. तेवढंच त्याला पुरतं, म्हणून तर ते सारखं मागतं. हा पिवळसर घट्ट चीक पिळून टाकायची पद्धत काही घरांत अजून आहे. तसं करू नका. बाळाचं रोगापासून पहिलं रक्षण त्यातच असतं. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की जन्मल्यावर पहिल्या तासाभरातच बाळाला अंगावर घ्यावं, सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजत राहावं.

पहिल्या महिन्यात चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं ही साधी गोष्ट आहे. म्हणजे दर दोन-तीन तासांनी, आणि त्यात रात्रही आली. आईचं दूध लवकर पचतं, त्यामुळे भूकही लवकर लागते. बाळ रडेपर्यंत थांबायचं नाही. ते मूठ तोंडात घालतं, मान वळवून शोधतं, चुटचुट आवाज करतं, तेव्हाच घ्यायचं. रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. उलट काही बाळं पहिल्या दिवसांत नुसती झोपून राहतात. त्यांचं वजन जन्माच्या वजनाला येईपर्यंत तीन-चार तासांवर झोपू न देता उठवून पाजावं लागतं.

पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, त्याने घाबरायला होतं. आमच्या नातीचं पाचव्या दिवशी 2 किलो 640 भरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सात टक्क्यांच्या आसपास आहे, चालतं. दहा टक्क्यांच्या वर गेलं तर बघावं लागतं. चौदाव्या दिवशी ते 2 किलो 880 झालं. बहुतेक बाळं दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनाला परत येतात.

मग आला एकोणिसावा दिवस. तोवर वहीत रोज दहा-अकरा नोंदी होत होत्या, त्या दिवशी सोळा झाल्या. त्यातल्या सात तर संध्याकाळी पाच ते रात्री दहा या वेळात. पाजून खाली ठेवलं की दहा मिनिटांत पुन्हा रडणं. नेमक्या त्याच संध्याकाळी विहीणबाई भेटायला आल्या होत्या. त्या चांगल्या बाई आहेत, नातीवर जीव आहे. येतानाच दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यांना पंधरा दिवसांपासून वरचं दिलंय. पोरीला उपाशी कशाला ठेवता?" लेक आत जाऊन रडायला लागली. "आई, माझं दूधच नाही. बघ ना, छाती पण आता मऊ पडलीय."

मी डबा फडताळात ठेवला आणि विहीणबाईंना म्हटलं, "दोन दिवस थांबू या. परवा वजन करायचंच आहे. वजन वाढलेलं नसेल तर मी स्वतः डबा उघडते." त्यांना ते पटलं असं नाही, पण त्या गप्प राहिल्या. ते दोन दिवस घरात कुणी मोकळेपणाने बोललं नाही. लेक दर तासाला पाजत होती, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होती.

एकविसाव्या दिवशी वही घेऊनच दवाखान्यात गेलो. वजन 3 किलो 80 ग्रॅम. आठवड्यात 200 ग्रॅम वाढ! डॉक्टरबाईंनी वही चाळली. रोज सहा-सात ओले लंगोट बघून म्हणाल्या, "आत जातंय म्हणूनच बाहेर येतंय." मग लेकीला तिथेच पाजायला बसवलं आणि बाळ नीट पकडतं का ते पाहिलं. नुसतं टोक नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात हवा, हनुवटी आईला टेकलेली हवी, आणि गिळल्याचा आवाज यायला हवा.

त्यांनी सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं. दुसरा-तिसरा आठवडा, सहावा आठवडा आणि तिसरा महिना, या सुमाराला बरीच बाळं एकदम जास्त पितात. दोन-तीन दिवस तसं चालतं, मग पुन्हा पहिल्यासारखं होतं. बाळ वाढतंय, त्याला जास्त दूध हवंय, म्हणून ते जास्त ओढतं आणि त्यामुळे दूध जास्त तयार होतं. दुधाचा कारभार मागणीवर चालतो. जितकं रिकामं होईल तितकं भरतं. त्याच दिवसांत आपण पावडरीचं पाजलं तर बाळ अंगावर कमी ओढतं, शरीराला वाटतं मागणी घटली, आणि दूध खरंच कमी होतं. मग आपण म्हणतो, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" आणि छाती मऊ पडणं म्हणजे दूध आटणं नव्हे. काही आठवड्यांनी शरीराला अंदाज येतो, म्हणून आधीची गच्च फुगी कमी होते.

तेविसाव्या दिवशी वहीत पुन्हा दहा नोंदी. डबा तसाच बंद राहिला. सहा आठवड्यांचं वजन 3 किलो 700 झालं, तेव्हा विहीणबाईंनी फोनवर स्वतःच विचारलं, "वहीत काय म्हणतेय आमची नात?"

डबा हे काही पाप नाही. एखादीला खरंच दूध कमी असतं, आजारपण असतं, बाळ दिवसांआधी जन्मलेलं असतं. तेव्हा डॉक्टर सांगतील तसं जरूर द्यावं आणि मनाला लावून घेऊ नये. पण नुसतं बाळ वारंवार पितंय म्हणून द्यायचं नाही. आपल्याकडे 1992 चा कायदा आहे, त्यानुसार बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करता येत नाही, आणि आईचं दूध सर्वोत्तम असं डब्यावरच छापावं लागतं.

पुढचा हिशोब तर मला फार आवडला. आपल्याला वाटतं बाळ मोठं होईल तसं दूधही वाढत जायला हवं. पण पहिल्या महिन्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत बाळ दिवसाला साधारण 750 ते 800 मिलीलीटरच्या आसपासच पितं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात (2006) एक ते सहा महिन्यांची बाळं सरासरी अकरा वेळा प्यायली, पण कुणी सहा वेळा तर कुणी अठरा वेळा. आणि ती सगळी नीट वाढणारी बाळं होती. म्हणून जावेच्या नातवाचा आकडा आपल्या नातीला लावायचा नाही. मोठं बाळ पटपट पितं, पंधरा-वीस मिनिटांचं काम पाच-सात मिनिटांत उरकतं. त्यालाही आपण "पोट भरलं नाही" म्हणतो.

आता आपल्या घरातले प्रश्न.

पहिला लसणाचा. शेजारणी काळजीने म्हणायच्या, "तुम्ही लसूण खात नाही, मग दूध कसं येणार?" मैत्रिणींनो, दूध बाळाच्या ओढण्याने येतं, लसणाने नाही. आईला पोटभर जेवण मात्र हवं. पहिले सहा महिने तिला रोज सहाशे कॅलरी जास्त लागतात. म्हणजे साधारण एक जास्तीचं जेवणच. चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी नसते, कंदमुळं तर कधीच नसतात. तरी बाजरीची भाकरी आणि तूप, मुगाचं वरण, अळिवाची खीर, तीळ, खोबरं, खारीक, सुंठ घातलेलं दूध, एवढ्यात ताट भरतं.

दुसरा मधाचा. बाळाच्या जिभेला मध लावायची चाल पुष्कळ घरांत आहे. आपल्या अष्टमूलगुणांतच मधाचा त्याग सांगितला आहे, आणि वैद्यकशास्त्रही म्हणतं की वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये, त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. धर्म आणि डॉक्टर इथे एका आवाजात बोलतात. गुळाचं पाणी, घुटी, उन्हाळ्यात साधं पाणी, यातलंही सहा महिने काही नको.

तिसरा रात्रीचा. "सूर्यास्तानंतर किती पाजायचं, सवय लागेल," असं बोलणाऱ्या आहेत. रात्रीभोजन त्याग हा समजून घेतलेला नियम असतो. तान्ह्याला समज नाही, म्हणून नियमही नाही. शिवाय दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. रात्रीचं पाजणं बंद केलं की दिवसाचंही घटू शकतं. आणि पाजणाऱ्या आईला रात्री दोन वाजता घसा कोरडा पडेल इतकी तहान लागते. माझी लेक दिवस मावळायच्या आत पोटभर जेवायची, पण उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला असायचा. पाणी प्यायचंच, हे आम्ही घरात ठरवलं होतं.

मग भाद्रपद आला. लेक लग्नाआधीपासून अनंत चतुर्दशीचा उपवास करते, कधी चुकवलेला नाही. यंदाही करायचाच म्हणून बसली. बाळ दोन महिन्यांचं. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चातुर्मासासाठी आलेल्या माताजींना विचारायला गेले. त्यांनी मला सोळाकारण भावनांची आठवण दिली. त्यात शक्तितस्तप आहे, म्हणजे शक्तीप्रमाणे तप. माताजी म्हणाल्या, "तिच्या शक्तीवर आज दोन जीव आहेत. झोप मोडून उठते, रागावत नाही, हे आत्ताचं तिचं तप. उपवास कुठे पळून जात नाही." लेकीने त्या दिवशी एका रसाचा त्याग केला, साखर सोडली, आणि दिवसभर नीट जेवली. पाजता पाजता णमोकार म्हणत होती. मला वाटतं तिचा तो दिवस कोरडा गेला नाही.

नात पाच महिन्यांची झाली तेव्हा जन्माच्या दुप्पट वजनाच्या वर होती. सहा महिने पूर्ण झाल्यावर उष्टावण केलं. मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. आधी दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. अन्न सुरू झालं म्हणून अंगावरचं तोडायचं नाही. वर्षापर्यंत बाळाची निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद दुधातूनच येते, आणि दुसऱ्या वर्षातही जवळजवळ एक तृतीयांश.

ज्यांच्या घरी लेक किंवा सून बाळंत आहे, त्यांनी एवढं बघावं. पाच-सहा दिवसांनंतर रोज सहा तरी ओले लंगोट, आठवड्याला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम वाढ, आणि जागं असताना बाळ तरतरीत. हे असेल तर किती वेळा पितंय ते मोजू नका. लंगोट कमी झाले, बाळ मलूल दिसलं, पिवळं पडत चाललं, प्यायलाच उठत नसेल, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि बाळ पुन्हा रडायला लागलं की बाळंतिणीला काही विचारू नका. तिच्या पाठीला एक उशी द्या, हातात पाण्याचा पेला द्या, स्वयंपाकघरातलं काम आपण आवरा. घरच्या बाळंतिणीचं हे वैयावृत्त्य आपल्या हातून घडू दे.

जय जिनेंद्र.